तारीख लिहून ठेवली का? गरोदरपणातले ताप, फोड, कावीळ आणि तुमचे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की माझ्याकडे एकाच जातीचे प्रश्न येतात, यंदाही तेच झालं. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, भाचेमंडळी दिवसभर अंगाखांद्यावर असतात आणि नेमका तोच काळ कांजिण्यांचा. त्यात उन्हाळा म्हणजे घरोघर कूलर, ड्रममध्ये भरून ठेवलेलं पाणी, म्हणजे डासही आलेच. म्हणून या वेळची सगळी जागा गरोदरपणातल्या व्हायरल इन्फेक्शनसाठी ठेवलीय. पत्रं थोडी लहान केलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : माझं माहेर एरंडोलकडचं. मला पंधरावा आठवडा सुरू आहे. आखाजीला माहेरी आले तर भावाचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर माझ्या मांडीवर होता, रात्री माझ्याजवळच झोपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटावर पाण्याचे फोड दिसले. आई म्हणते, घरात आई उनी शे (म्हणजे देवी आलीय), आता पाच दिवस डॉक्टरचं नाव काढायचं नाही. मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का ते कोणालाच नक्की आठवत नाही. बाळ अपंग होईल का? दोन रात्री झोप नाही.

ताई, आधी एक आकडा सांगते मग बाकीचं. तुम्हाला आत्ता फक्त संपर्क झालाय, आजार झालेला नाही. आणि समजा उद्या तुमच्या अंगावर फोड उठलेच, तरी तुमच्या आठवड्यांत बाळाला त्यातून व्यंग येण्याचं प्रमाण शंभरात साधारण दोन आहे, पहिल्या तीन महिन्यांत तर शंभरात एकापेक्षाही कमी. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायकांचं बाळ यातून सुखरूप सुटतं. ज्या थोड्या बाळांना त्रास होतो त्यांच्या कातडीवर वण, हात किंवा पाय बारीक राहणं, डोळ्यात किंवा मेंदूत दोष असं दिसू शकतं, ते मी लपवत नाही, पण तुम्ही दोन रात्री जे डोळ्यासमोर आणताय ते अजून फार लांब आहे.

आता काम. भाच्याच्या अंगावर पहिला फोड कोणत्या दिवशी दिसला ती तारीख आत्ता, हे वाचता वाचता, कॅलेंडरवर लिहा. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पोर दुसऱ्याला आजार देत असतं, म्हणजे तो मांडीवर होता तेव्हाच तुमचा संपर्क झाला. फोड यायला संपर्कापासून १० ते २१ दिवस लागतात. या मोकळ्या दिवसांतच काय करायचं ते करून घ्यायचं असतं, आणि आईंच्या म्हणण्याप्रमाणे पाच दिवस घरात बसलात तर त्यातलेच पाच दिवस जातील.

डॉक्टरांकडे जाऊन रक्तातली कांजिण्यांची आयजीजी (आजार होऊन गेल्यावर रक्तात राहणारी अँटीबॉडी) तपासून घ्या. पॉझिटिव्ह आली तर तुम्हाला त्या लहानपणीच येऊन गेल्यात, कोणाला आठवत नसलं तरी, आणि विषय संपला. निगेटिव्ह आली तर संपर्कापासून १० दिवसांच्या आत तयार अँटीबॉडीचं एक इंजेक्शन देता येतं, जितक्या लवकर तितकं चांगलं. ते महाग आहे आणि आपल्या भागात सगळीकडे मिळत नाही, जळगाव, धुळे, नाशिक असे चार फोन करावे लागतात. नाही मिळालं तर सातव्या दिवसापासून ॲसायक्लोविरच्या गोळ्यांचा कोर्स हा दुसरा रस्ता आहे, तो डॉक्टर ठरवतील. कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात द्यायची नसते, कोणी सुचवली तरी नाही.

आणि फोड आलेच तर पहिल्या २४ तासांत गोळ्या सुरू झाल्या पाहिजेत. मला बाळापेक्षा जास्त काळजी आईची वाटते, कारण मोठ्या माणसाला आणि त्यातही पोटुशी बाईला कांजिण्यांतून न्यूमोनिया होऊ शकतो. धाप लागली, खोकला वाढला, छातीत दुखलं तर त्याच क्षणी दवाखाना. तापाला फक्त पॅरासिटामोल, बाकी अंगदुखीच्या गोळ्या नाहीत. दवाखान्यात जायच्या आधी फोन करून सांगा की कांजिण्यांचा संपर्क आहे, म्हणजे तुम्हाला वेगळं बसवतील, त्या बाकड्यावर तुमच्यासारख्याच दहा गरोदर बायका बसलेल्या असतात.

आईंशी भांडू नका. माझ्या आजीच्या घरीही कडुलिंबाचा डहाळा दाराला लागायचा आणि दहीभाताचा नैवेद्य व्हायचा, त्यात माया असते आणि निंबाच्या पाल्याने काही बिघडत नाही. मान ठेवा, नैवेद्य दाखवा, आणि त्याच सकाळी एसटीत बसून तालुक्याला जा. दोन्ही एका दिवसात होतं.

एक गोष्ट इतर वाचकांसाठी. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या मधे आईच्या अंगावर फोड उठले तर तो वेगळाच प्रकार असतो. तेव्हा आईच्या अंगात अँटीबॉडी तयार व्हायला वेळच मिळालेला नसतो, बाळ व्हायरस घेऊन जन्मतं पण त्यावरचं कवच घेऊन नाही, आणि ते बाळाच्या जिवावर बेतू शकतं. अशा बाळाला जन्मल्या जन्मल्या तेच तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन आणि ॲडमिशन लागतं. म्हणून नववा महिना लागलाय आणि घरात किंवा शेजारी कांजिण्या आहेत तर बाळंतपण जिथे करणार तिथे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : माझं आधी एकदा दोन महिन्यांचं पडलं होतं. आता दहा आठवडे झालेत. टॉर्च नावाची टेस्ट (बाळापर्यंत जाऊ शकणाऱ्या काही इन्फेक्शनची रक्ततपासणी) केली, त्यात रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह आणि सीएमव्ही (सायटोमेगालोव्हायरस) आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, दोन्हीचं आयजीएम (ताज्या इन्फेक्शनची अँटीबॉडी) निगेटिव्ह आहे. आम्हाला सांगितलं की रक्तात इन्फेक्शन आहे, बाळ आंधळं-बहिरं होऊ शकतं, विचार करा. घरचे पाडायचं म्हणताहेत. तालुका अमळनेर.

ताई, हे उत्तर मासिक छापून तुमच्या हातात येईपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला फोनवर आधीच सांगितलंय, आणि तुम्ही थांबलात हे कळल्यावर मला किती बरं वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही. इथे परत लिहितेय ते बाकीच्यांसाठी, कारण असा रिपोर्ट हातात घेऊन रडत आलेली बाई मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटते.

आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह याचा सरळ अर्थ एवढाच की हा व्हायरस कधीतरी, बहुतेक लहानपणी, तुमच्या अंगातून येऊन गेला किंवा लस घेतलेली आहे, आणि आता त्याच्याशी लढायची ताकद तुमच्या रक्तात आहे. रुबेलाच्या बाबतीत तर हा रिपोर्ट सगळ्यात चांगला. बाळ सुरक्षित आहे असं सांगणाऱ्या कागदावरून बाळ पाडायला सांगितलं जातं, याचा मला खूप त्रास होतो. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली ती पाडून झाल्यावर आली, पिशवीतून घडी घातलेला रिपोर्ट काढून विचारलं, मॅडम आता पुढच्या वेळी काय काळजी घेऊ? मी तो कागद दोनदा वाचला. तिला काहीच झालेलं नव्हतं. मी तिला खरं सांगितलं, सांगायलाच हवं होतं, पण त्यानंतरची ती शांतता मला अजून आठवते.

सीएमव्हीचंही तेच. आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे दहातल्या आठ-नऊ जणींची आयजीजी पॉझिटिव्ह येणारच. हा व्हायरस पुन्हा जागा होऊन किंवा नव्याने होऊन क्वचित बाळापर्यंत जाऊ शकतो आणि ऐकण्यावर परिणाम करू शकतो, म्हणून लहान पोरांची लाळ, शेंबूड, लंगोट हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि पोराचा उष्टा घास, उष्टा चमचा तोंडात घालू नका. एवढंच. त्यासाठी घाबरून दर महिन्याला टेस्ट करत बसायचं नाही.

मग टॉर्च टेस्ट करायची कधी? सगळ्यांनी करायची ही टेस्ट नाही. एकदा मूल पडलं म्हणून तर नाहीच, कारण सुरुवातीला पडणाऱ्या मुलांमागे बऱ्याचदा त्या गर्भाच्याच गुणसूत्रांतला दोष असतो, आईचं जुनं इन्फेक्शन नसतं. गरोदरपणात ताप येऊन पुरळ उठलं, पुरळवाल्या पेशंटशी संपर्क आला किंवा सोनोग्राफीत काही खटकलं तर ज्या आजाराचा संशय आहे त्याचीच टेस्ट करायची. आणि आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी लगेच निर्णय घ्यायचा नाही. आयजीएम कधीकधी चुकून पॉझिटिव्ह दाखवतं, कधी जुन्या इन्फेक्शननंतर कितीतरी महिने रेंगाळतं. दोन-तीन आठवड्यांनी परत रक्त घेऊन बघतात आणि अविडिटी नावाची तपासणी करतात, अविडिटी जास्त असेल तर इन्फेक्शन जुनं, कमी असेल तर नवं असू शकतं. नवं असेल तरच पुढे आठवड्यांचा हिशोब येतो.

रुबेलाला साधं समजू नका हेही तितक्याच जोराने सांगते. हा आजार आईला अगदी किरकोळ होतो, दोन-तीन दिवस बारीक पुरळ, कानामागे गाठी, जरासा ताप, कधी तेवढंही नाही. पण पहिल्या दहा-बारा आठवड्यांत झाला तर शंभरातल्या नव्वद बाळांपर्यंत पोचू शकतो आणि डोळ्यात मोतीबिंदू, हृदयाला दोष, बहिरेपण घेऊन बाळ जन्माला येतं. सोळा-अठरा आठवड्यांनंतर हाच धोका खूप खाली येतो, वीसनंतर व्यंग क्वचितच. हे जगाला कळलं ते ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांमुळे. १९४१ साली त्यांनी मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या ७८ बाळांची माहिती मांडली, त्यातल्या ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, होऊन गेला होता. त्यांनी आयांना विचारलं, कधी झाला, कितवा महिना होता, आणि त्या आयांना ते आठवत होतं. सगळा शोध त्या आठवणीवर उभा आहे.

म्हणून तारखेचा एवढा आग्रह धरते. चोपड्याकडची एक पेशंट मागे कॅलेंडरचं पानच फाडून घेऊन आली होती, दुधाच्या रतिबाच्या खुणांच्या मधे एका चौकोनात पेनने लिहिलेलं, 'पुरळ, ताप ९९', आणि खाली तिसऱ्या दिवशी 'गेलं'. पाळीची तारीखही त्याच कॅलेंडरवर मागच्या पानावर गोल केलेली. त्या दोन तारखांवरून मला पाच मिनिटांत कळलं की पुरळ आलं तेव्हा तिला तेवीस आठवडे झाले होते. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, ती घरी गेली. मुलगी आता शाळेत जाते.

प्रश्न : मिसेसला आठवा महिना आहे. पाच दिवस झाले उलट्या, जेवण जात नाही, लघवी मोहरीच्या तेलासारखी पिवळी आणि आज डोळे पिवळे दिसताहेत. आई म्हणते कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ, तो माळ देतो आणि पथ्य सांगतो. गावात अजून चार-पाच जणांना कावीळ आहे. काय करावं?

भाऊ, आजच्या आज दवाखाना. तुमचा मेसेज वाचून तुम्हाला लगेच फोन केला आणि तुम्ही त्यांना ॲडमिट केलंत, आता तब्येत सावरतेय हे ऐकलं, तरी हे इथे छापतेय कारण पावसाळा तोंडावर आहे.

गावात एकदम चार-पाच जणांना कावीळ म्हणजे पाण्यातून पसरणारी कावीळ असण्याची शक्यता खूप, आणि त्यातला हिपॅटायटीस ई हा व्हायरस गरोदर बाईचा वैरी आहे. घरातल्या बाप्या माणसाला तो झाला तर पंधरा-वीस दिवस थकवा येऊन बरा होतो, पण सातव्या महिन्यानंतर पोटुशी बाईला झाला तर लिव्हर एकदम बंद पडू शकतं, अशा शंभर जणींमधे वीसच्या आसपास दगावल्याची नोंद आहे. आणि बाळाला धोका असतो तो व्यंगाचा नाही, बाळ पोटातच जाण्याचा, वेळेआधी होण्याचा आणि जन्मतःच कावीळ लागण्याचा. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळून एकोणतीस हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली होती, ती हीच असं पुढे जपून ठेवलेल्या रक्तावरून कळलं.

यावर माळ चालत नाही. झाडपाल्याच्या औषधाने आधीच सुजलेल्या लिव्हरवर आणखी भार येऊ शकतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ही तपासणी यात सगळ्यात महत्त्वाची, आणि आयसीयू, रक्तपेढी असलेल्या ठिकाणीच ठेवायचं. बाई गुंगीत जातेय, उलटसुलट बोलतेय, हिरड्यांतून रक्त येतंय असं दिसलं तर १०८ ला फोन करा, स्वतःच्या गाडीची वाट बघू नका. शिवाय शेवटच्या महिन्यांतली प्रत्येक कावीळ व्हायरसचीच असते असंही नाही, बीपी वाढून किंवा गरोदरपणामुळेच लिव्हर बिघडतं आणि तिथे कधी लगेच बाळंतपण करावं लागतं, तो फरक तपासल्याशिवाय कळत नाही. नुसती तळहात-तळपायाला रात्री खूप खाज येत असेल, डोळे पिवळे नसले तरी, तेही दाखवा.

पाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे कितीतरी गावांत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि पाइप रिकामा असताना गळक्या जागेतून बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून नळ आल्यावरचं पहिलं गढूळ पाणी प्यायला भरू नका आणि गरोदर बाईसाठी तरी पाणी उकळूनच ठेवा, चांगली खळखळ उकळी फुटू द्या.

प्रश्न : डेंग्यू आणि झिका दोन्हीने बाळाचं डोकं लहान होतं का? आमच्या गल्लीत डेंग्यूचे पेशंट आहेत, सून तीन महिन्यांची आहे. (शहादा)

नाही मावशी, डोकं लहान राहण्याचा धोका झिकाचा, डेंग्यूचा नाही. ब्राझीलमध्ये २०१५ साली झिकाची मोठी साथ आली तेव्हा हे जगासमोर आलं. महाराष्ट्रात झिकाचा पहिला पेशंट २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला आणि २०२४ मध्ये पुण्यात बऱ्याच गरोदर बायकांनाही तो झाला, म्हणून सगळे घाबरलेत. झिका नवरा-बायकोच्या संबंधातूनही जातो, त्यामुळे साथीच्या गावाहून आलेल्या नवऱ्याने बायको गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरावा, हे सुनेला आणि मुलाला दोघांनाही सांगा, लाजू नका.

डेंग्यूने व्यंग येत नाही, पण आईला रक्तस्राव, बाळंतपण लवकर होणं, आणि अगदी बाळंतपणाच्या तोंडावर ताप असेल तर बाळालाही डेंग्यू होणं, असे धोके आहेत. चिकनगुनियाही कळा सुरू असताना अंगात असला तर जवळपास निम्म्या बाळांना होऊ शकतो. ताप आला की अंगावर काढायचा नाही. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या नाहीत, पॅरासिटामोल, भरपूर पाणी आणि रक्ताची तपासणी.

तिन्हींचा डास एकच, एडिस, आणि तो दिवसा चावतो म्हणून नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही, दुपारच्या झोपेलाही लावा. आपल्या कूलरकडे जरा वाकून बघा. खालच्या टाकीच्या कडेला पाण्याच्या रेषेवर काळे बारीक ठिपके चिकटलेले दिसतील, ती त्याची अंडी. पाणी ओतून दिलं तरी ती तशीच राहतात, सुकली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि पुन्हा पाणी घातलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी आणि ड्रम रिकामा करून घासणीने कडा घासून उन्हात वाळवायच्या. उन्हाळा संपल्यावर गच्चीवर टाकून दिलेल्या कूलरमध्ये पावसाचं पाणी साचतं तेही बघा.

प्रश्न : मला एचबीएसएजी (हिपॅटायटीस बीची टेस्ट) पॉझिटिव्ह आलंय, पाचवा महिना. बाळाला अंगावर पाजता येईल का?

हो, येईल. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटीस बीची लस, आणि शक्यतो १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शन दुसऱ्या मांडीत, एवढं झालं की निर्धास्त पाजा. हे इंजेक्शन कुठून आणायचं ते सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा, बाळंतपण रात्री दोन वाजता होतं तेव्हा ते शोधत फिरता येत नाही. तुमच्या रक्तातला व्हायरल लोड, म्हणजे व्हायरसचं प्रमाण, तपासून घ्या, तो खूप असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास तुम्हालाही गोळी सुरू करतात. नवऱ्याची टेस्ट करा. बाळाचे पुढचे डोस चुकवू नका आणि ते नऊ महिन्यांचं झाल्यावर त्याचीही तपासणी करून घ्या, कारण तान्हेपणी हा आजार लागला तर दहातल्या नऊ जणांत तो कायमचा राहतो.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरलंय, वय २६. रुबेलाची लस आता घ्यावी का?

घ्या, अगदी आनंदाने घ्या. २०१८ च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम झाली ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती, तुमच्या मुलीचं वय तेव्हाच त्यापुढे गेलं असणार. लहानपणी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घेतल्याचं कार्ड सापडलं तर बघा, नाही तर घेऊन टाका, आधी आजार झालेला असला तरी लसीने नुकसान होत नाही. लस जिवंत व्हायरसची असते म्हणून घेतल्यावर एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पण समजा चुकून गेलेच तर त्यासाठी मूल पाडायचं कारण नाही. कांजिण्या आल्या नसतील तर ती लसही लग्नाआधीच घेता येते, दोन डोस असतात, मधे काही आठवड्यांचं अंतर ठेवून, म्हणून साखरपुड्यानंतर लगेच सुरुवात केली तर हळदीच्या आत उरकतं. आणि मूल हवंसं ठरलं की दिवस जायच्या आधीपासून रोज फॉलिक ॲसिडची गोळी, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.